लिमिट स्विच चालू होता, तरी हूक वर जाऊन आदळला. कसा?

टूलरूमवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

भोसरीत प्रेस टूल बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मेंटेनन्स बघतो. आमच्याकडे ५ टनी सिंगल गर्डर ईओटी क्रेन (छताखालच्या रुळांवर धावणारी, विजेवरची) आहे. वायर रोप हॉइस्ट (ड्रमवर दोर गुंडाळून हूक वर-खाली करणारं यंत्र), बटणांचा लोंबता पेंडंट, साधे कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारे-तोडणारे स्विच). १४ वर्षं जुनी, पण गुणी.

मागच्या गुरुवारी (सुट्टीचा वार, पण डिलिव्हरी होती म्हणून चालू) पावणेबाराच्या सुमारास डाय (प्रेसचा साचा) खाली ठेवून झाली आणि रिकामा हूक वर घेताना तो थांबलाच नाही. हूक ब्लॉक थेट ड्रमखालच्या चॅनेलला भिडला, रोप ताणला गेला, तुटला, आणि ब्लॉक खाली. हेल्पर डायच्या पलीकडे वाकून स्लिंग (माल उचलायचा पट्टा) गुंडाळत होता म्हणून वाचला. फरशीत परातीएवढा खड्डा पडलाय. मी आवाज ऐकून धावलो तेव्हा तो पोरगा अजून वाकलेलाच होता, हातात स्लिंग तशीच.

आता डोकं खाणारी गोष्ट. सकाळी ७ ला अप्पर लिमिट (हूक फार वर गेला की त्याला आपोआप थांबवणारा स्विच) माझ्यासमोर तपासला होता. हूक वर नेला, लिमिट लागला, थांबला. रजिस्टरला सही आहे. त्या दिवशी घोळावर घोळ चालू होता: लाइट गेली, कॉम्प्रेसर बंद पडला, हवेवरची कामं ठप्प, त्यामुळे सगळे क्रेनच्या मागे लागलेले. तरी दुपारी सगळं थंड झाल्यावर वर चढून लिमिटचा दांडा हाताने ओढून पाहिला, तर कॉन्टॅक्टर टक्कन पडतोय! जंपर (स्विचला वळसा घालणारी वायर) नाही, वायर तुटलेली नाही, काही नाही.

मॅनेजरसाहेबांचं म्हणणं, ऑपरेटरने काहीतरी चाळा केला. ऑपरेटर ठेकेदाराचा माणूस, ११ वर्षं क्रेन चालवतो. त्याला विचारलं की खाली बघून एवढंच म्हणतो, "साहेब, चुकलं माझं." मला हे पटत नाही. सोमवारपर्यंत रिपोर्ट द्यायचाय.

लिमिट आधी चालू, नंतर चालू, मग मधल्या त्या एका वेळेला काय झालं?

---

चहाबिस्कीट

१४ वर्षं एकाच जागी काम, प्रमोशन नाही. शेवटी बिचारा स्वतःच वर गेला.

(हेल्पर वाचला म्हणून विनोद करतोय. नाहीतर केला नसता.)

---

हेल्मेट_आधी

पहिलं म्हणजे तुटलेला रोप, हूक ब्लॉक, रोप गाइड (ड्रमवर रोप ओळीत बसवणारं कडं) यातलं काहीही भंगारात टाकू नका. फोटो काढा, तुकडे ठेवा. आमच्याकडे एकदा चौकशी सुरू व्हायच्या आत पुरावा भंगारवाल्याच्या टेम्पोत चढला होता.

दुसरं, नियमाप्रमाणे क्रेनची १२ महिन्यांतून एकदा तरी कॉम्पिटंट पर्सनकडून (सरकारमान्य तपासनीसाकडून) कसून तपासणी व्हायला लागते. ती झाली असेलच. पण वर्षातल्या एका दिवशीच्या तपासणीने उरलेल्या दिवसांची हमी मिळत नाही, म्हणून रोज पाळी सुरू होताना रिकाम्या हूकने लिमिट बघायचा. तुम्ही बघता, हे वाचून बरं वाटलं. फक्त कसा बघता ते सांगा. बटण दाबून धरून पूर्ण वेगात नेऊन धडकवणारे बरेच असतात. तसं केलं आणि नेमका त्या दिवशी लिमिट मेलेला असला, तर चाचणीच अपघात होते. इंचिंग करत, थांबत थांबत न्यायचा आणि खाली कोणी नको.

अमेरिकेच्या ओशाच्या (कामगार सुरक्षा खात्याच्या) नियमात हे दोन्ही स्पष्ट लिहिलंय: रोज पाळीच्या सुरुवातीला विनालोड तपासा, आणि वरचा लिमिट नेहमीच्या कामात हूक थांबवायला कधीही वापरू नका. आपल्याकडे या दुसऱ्या गोष्टीची बोंब आहे. ऑपरेटर बटण दाबतो, गप्पा मारतो, हूक लिमिटला जाऊन आपोआप थांबतो. दिवसाला ५० वेळा. मग ज्या दिवशी खरंच गरज पडते त्या दिवशी तो झिजलेला असतो.

---

शंकेखोर

एवढी चर्चा कशाला? पेंडंटचं बटण सोडलं की क्रेन थांबते. बोट का काढलं नाही? ११ वर्षांचा अनुभव म्हणताय आणि हूक कुठवर गेला ते दिसलं नाही? लिमिट ही नंतरची गोष्ट, आधी डोळे.

---

टूलरूमवाला

@हेल्मेट_आधी, इंचिंग करूनच बघतो. तुकडे गोणपाटात बांधून माझ्या टेबलाखाली ठेवलेत, मॅनेजरला माहीत नाही.

@शंकेखोर, बोट उशिरा काढलं हे तो मान्य करतो. हेल्परचा हात स्लिंगमध्ये होता, नजर तिकडे होती. मी जागेवर असतो तर मीही खालीच बघितलं असतं. आणि आपली नजर कधीतरी चुकणार म्हणूनच तो स्विच लावलेला असतो ना?

---

मृणाल_टी

मी क्रेन पॅनल डिझाइन करते, म्हणून थोडं लांबण लावते.

लोकांना वाटतं की लिमिट स्विच मोटर बंद करतो. बहुतेक छोट्या हॉइस्टमध्ये तो मोटरला हातही लावत नाही. तो फक्त "वर"च्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा (त्याला ओढून धरणाऱ्या विद्युतचुंबकाचा) पुरवठा तोडतो. कॉइल सुटली की कॉन्टॅक्टर पडतो, कॉन्टॅक्टर पडला की मोटरची वीज जाते, वीज गेली की ब्रेक बसतो. एवढी साखळी आहे, आणि यातली कुठलीही कडी अडकली की लिमिट धडधाकट असूनही उपयोग शून्य.

पहिला संशय: कॉन्टॅक्टर चिकटला. दिवसभर इंचिंग करून त्याच्या टिपा (वीज जोडणारे संपर्कबिंदू) जळतात आणि एखाद्या वेळी वितळून एकमेकींना धरतात. लिमिट कॉइल सोडतो, पण टिपा सोडत नाहीत. नंतर आदळल्याच्या धक्क्याने सुटतात आणि तुम्ही तपासता तेव्हा सगळं शहाण्यासारखं वागतं. कॉन्टॅक्टर उघडून टिपा बघा.

दुसरा: रोप अलीकडे बदललाय का? ड्रमच्या फेऱ्या मोजणारा रोटरी लिमिट असेल तर त्याला हूक कुठे आहे हे कळतच नाही, त्याला फक्त फेऱ्या कळतात. रोप बदलून सेटिंग केलं नाही तर तो मनाने थांबतो. पण तुमचा सकाळी नीट लागला होता, म्हणजे हे नसावं.

तिसरा: ब्रेक घसरतोय. थांबतो, पण हातभर पुढे जाऊन.

---

टूलरूमवाला

टिपा काल रात्रीच उघडल्या. काळ्या आहेत, पण वितळल्याची खूण नाही. लिमिट रोटरी नाही, रोप गाइड सरकत जाऊन दांड्यावरच्या स्टॉपला ढकलते त्या प्रकारचा आहे. रोप दिवाळीत बदलला, तेव्हा मीच सेट केला. ब्रेकचा गॅप ठीक आहे, सकाळी हूक जागेवर थांबला होता.

म्हणजे तिन्ही बाद. डोकं भणभणतंय.

---

गोदीतला

तुमच्या तपासात मदत होणार नाही, पण धागा वाचून जुने दिवस आठवले. मी मुंबईच्या गोदीत होतो. तेव्हा क्रेनवाल्याला खालचा खलाशी हाताने आणि तोंडाने इशारा द्यायचा. खाली घे म्हणजे "आरिया", वर घे म्हणजे "हाबेस". कोणी हापेस म्हणायचं, उच्चार ज्याचा त्याचा. आरिया हा शब्द पोर्तुगीज जहाजांवरून आलाय, त्यांच्याकडे उतरवण्याला त्याच मुळाचं क्रियापद आहे. आजही हायड्रा क्रेनवाल्यासमोर एखादा म्हातारा रिगर "आरिया, आरिया… बस" म्हणतो तेव्हा त्याला ठाऊक नसतं की तो चारशे वर्षांपूर्वीच्या खलाशांची बोली बोलतोय.

आमच्या मुकादमाचा एक नियम होता. हूक वर जात असेल तेव्हा इशारा देणाऱ्याने हूककडे बघायचं, मालाकडे नाही. माल कुठे पळून जात नाही.

---

चहाबिस्कीट

गोदीतले काका, "आरिया"साठी वाखुसा (वाचनखूण साठवली)! आजपासून बॉस भडकला की मनात "आरिया, आरिया" म्हणणार.

---

परभणीचा_पाव्हणा

तुमच्या क्रेनला लिमिट तरी आहे. आमच्याकडं विहिरीची यारी असती, तिला काय असतंय? डिझेल इंजिन, ड्रम, वर एक पुली आणि लोखंडी बादली. खाली दोन-तीन माणसं फोडलेला दगड भरत्यात, वरचा गडी क्लच आणि ब्रेकवर. यारीवाल्याचा लिमिट स्विच म्हंजे दोराला बांधलेली लाल चिंधी! चिंधी ड्रमजवळ आली की बादली काठावर आली असं समजायचं.

आमच्या विहिरीचं काम ६० फुटांवर होतं तवा ती चिंधी चिखलानं माखली, कुणाच्या ध्यानात आलं नाही. बादली पुलीला जाऊन अडली, दोर कचकन् तुटला आणि दगडासगट बादली खाली. खालच्या लोकांची सवय अशी की बादली वर निघाली की तिघंबी भिंतीच्या कपारीला पाठ लावून उभे राहणार. कायद्यानं नाही, बापानं शिकवलेलं. म्हणून जगले. त्या दिवसापासून चुलत्यानं दोराला दोन चिंध्या बांधल्या, एक लाल, एक पांढरी, चार हात आधी.

---

हेल्मेट_आधी

@परभणीचा_पाव्हणा, तुमच्या चुलत्यांनी जे केलं त्याला मोठ्या क्रेनवर स्लोडाउन लिमिट आणि स्टॉप लिमिट म्हणतात. पहिली चिंधी वेग कमी करायला, दुसरी थांबायला. मनापासून दंडवत.

आणि ती कपारीला पाठ लावायची सवय कारखान्यात शिकवायला आम्हाला स्लाइड दाखवाव्या लागतात.

---

नाना_वाइंडर

बाप्पा, नागपूर-चंद्रपूरकडचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. मी कोळसा खाणीत वाइंडिंग इंजिनावर होतो. पिंजऱ्यातून माणसं शाफ्टमधून (खाणीच्या उभ्या विहिरीतून) वर-खाली करायची. आमच्याकडे या आजाराचं नाव ओव्हरवाइंड. तुमचा रिकामा हूक आदळला तर फरशीला खड्डा पडतो. आमचा पिंजरा हेडगिअरच्या (शाफ्टवरच्या मनोऱ्याच्या) चाकात गेला तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून तिथे एकावर एक पहारे असतात. लिली कंट्रोलर नावाचं यंत्र पिंजऱ्याची जागा आणि वेग दोन्ही बघत असतं. पिंजरा वर येताना ठरलेल्या वेगापेक्षा जास्त असला की इंजिन बंद करून ब्रेक टाकतं. म्हणजे पिंजरा आदळायच्या जागी पोचेपर्यंत वाट बघत नाही, आधीच हिशेब करतं.

आणि तेही चुकलं तर डिटॅचिंग हूक. इंग्लंडातल्या कोळसा खाणींसाठी १९व्या शतकात काढलेली गोष्ट, विजेचा संबंध नाही. दोर आणि पिंजरा यांच्यामध्ये लोखंडी पट्ट्यांचा हूक असतो, तांब्याच्या पिनने बंद केलेला. वर हेडगिअरमध्ये घंटेच्या तोंडासारखं गोल भोक. पिंजरा फार वर गेला की हूक त्या भोकात शिरतो, बाजूच्या पट्ट्या आत दाबल्या जातात, तांब्याची पिन तुटते. दोर सुटून मोकळा निघून जातो, आणि त्याच क्षणी हुकाचे वरचे खांदे बाहेर उघडून त्या भोकाच्या काठावर बसतात. पिंजरा तिथेच लटकतो. दोर गेला तरी माणसं खाली जात नाहीत!

३० वर्षांत मी तो खऱ्या कामात एकदाही चालताना पाहिला नाही. पण ठराविक मुदतीने उतरवून, पुसून, पिन बदलून परत लावताना शेकडो वेळा पाहिला.

---

चाकणचा_रिगर

मोबाइल क्रेनचं कोणी बोललं नाही. टेलिस्कोपिक बूममध्ये (एकातून एक बाहेर निघणाऱ्या लांब हातात) तर हूक वर न घेताही हा अपघात होतो. रोपची लांबी तेवढीच, तुम्ही बूम बाहेर काढत गेलात की हूक आपोआप टोकाकडे खेचला जातो. नवीन पोरांना हे कळत नाही. ते म्हणतात, "मी विंचला हातच लावला नाही, दादा."

त्यासाठी बूमच्या टोकाला स्विच आणि त्याला साखळीने लटकवलेलं वजन असतं, रोप त्या वजनाच्या मधून जातो. वजन लटकतंय तोवर ठीक. हूक ब्लॉकने वजन खालून उचललं की स्विच सुटतो, भोंगा वाजतो आणि हूक वर घेणं, बूम लांबवणं, बूम झुकवणं सगळं बंद. अमेरिकेत २८ फेब्रुवारी १९९२ नंतर बनलेल्या टेलिस्कोपिक क्रेनला असं साधन सक्तीचं आहे. ठेकेदाराकडून येणाऱ्या गाड्यांवर ते असतंच, पण अवस्था बघा. वजन हरवलेलं, आणि स्विचचा दांडा बाइंडिंग वायरने खाली ओढून बांधलेला. क्रेनला वाटतं वजन लटकतंय, सगळं आलबेल.

एकदा गेटवर अशी गाडी परत पाठवली. ठेकेदार म्हणतो, "साहेब, तो भोंगा वाजत राहतो, ऑपरेटरचं डोकं उठतं."

---

शंकेखोर

हे समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ २०२३ मध्ये अपघात झाला तसंच का?

---

चाकणचा_रिगर

नाही हो. तो गर्डर लाँचर (पुलाचे गर्डर बसवणारं यंत्र) कोसळला होता, पूर्ण वेगळी गोष्ट. सगळ्या क्रेन एका दोरीत नका बांधू.

---

चहाबिस्कीट

आतापर्यंतचा हिशोब: गोदी झाली, विहीर झाली, कोळशाची खाण झाली. धागाकर्त्याचा हूक मात्र अजून भोसरीत हवेतच आहे. उद्या सोमवार.

---

वायरमन_तात्या

सगळं वाचलं. टूलरूमवाले, तीन प्रश्न. उत्तरं नीट द्या.

१. त्या दिवशी लाइट गेली म्हणालात. क्रेन पावणेबाराला लाइटवर चालू होती की जनरेटरवर?
२. जनरेटर तुमचा नेहमीचा का?
३. कॉम्प्रेसर कशामुळे बंद पडला? स्क्रू कॉम्प्रेसर असेल तर डिस्प्लेवर फॉल्ट राहतो. जाऊन वाचून या.

---

टूलरूमवाला

तात्या, कारखान्यातूनच लिहितोय. हात थरथरतोय.

लाइट सव्वाअकराला गेली, साडेबाराला आली. मधे जनरेटर. आमच्या जनरेटरचा अल्टरनेटर (वीज बनवणारा भाग) रिवाइंडिंगला गेलाय, म्हणून मंगळवारी भाड्याचा आणून जोडला होता. गुरुवारी पहिल्यांदाच चालू झाला.

कॉम्प्रेसरच्या फॉल्ट यादीत गुरुवार, ११:२२, "फेज रिव्हर्स".

---

वायरमन_तात्या

मग सापडलं.

भाड्याचा जनरेटर जोडताना दोन फेज (थ्री फेज विजेच्या तीन तारांपैकी दोन) उलटे लागले. त्यावर चाललेली कारखान्यातली प्रत्येक थ्री फेज मोटर उलटी फिरली. कॉम्प्रेसर शहाणा, त्याच्यात फेजचा क्रम तपासणारा रिले असतो, तो उलट फिरायला तयार झाला नाही, बंद पडला. तुम्ही त्याला नावं ठेवलीत.

क्रेन बिचारी सांगकामी. "वर" दाबलं की हूक खाली, "खाली" दाबलं की हूक वर. आता मृणालताईंनी सांगितलेली साखळी आठवा. अप्पर लिमिट कुठला कॉइल तोडतो? "वर"चा. त्या वेळी दाबलेलं बटण कुठलं? "खाली"चं. हूक वर पोचला, रोप गाइडने स्टॉप ढकलला, लिमिट इमानदारीत उघडला, आणि त्याने जी वायर तोडली तिच्यात वीजच नव्हती. "खाली"च्या कॉइलचा त्याच्याशी काही संबंध नाही. मोटर चालूच.

साडेबाराला लाइट आली, फेज सरळ झाले, तुम्ही दुपारी तपासलात, सगळं उत्तम. तुमचा लिमिट त्या वेळीही चालला होता हो. त्याला वर-खाली कळत नाही, एक वायर कळते.

याचं एक जुळं भावंड आहे. हूक खाली नेता नेता ड्रमवरचा रोप पूर्ण संपला आणि मोटर चालूच राहिली, तर रोप उलट बाजूने गुंडाळायला लागतो. तेव्हाही "खाली" दाबून हूक वर येतो आणि वरचा लिमिट बघत बसतो. म्हणून हूक सगळ्यात खाली असताना ड्रमवर किमान दोन वेढे शिल्लक राहायलाच हवेत आणि खालचा लिमिटही जिवंत हवा. त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

---

चहाबिस्कीट

तात्या, पायाचा फोटो टाका. नमस्कार करायचाय.

---

शंकेखोर

मान्य, तात्यांनी कमाल केली. पण माझा मुद्दा तसाच राहतो. बटण उलटं चालतंय हे ऑपरेटरला पहिल्या सेकंदाला कळलं असणार. तेव्हाच क्रेन बंद करून सांगायला नको?

---

टूलरूमवाला

हाच प्रश्न मलाही पडला, म्हणून संध्याकाळी त्याला गेटबाहेरच्या टपरीवर नेलं. चहा निवून गेला तरी तो कपाकडेच बघत होता. मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी बटण उलटं चालत होतं ना?"

त्याने वर बघितलं. म्हणाला, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

मग सगळं निघालं. जनरेटर चालू झाल्यावर त्याने वर दाबलं, हूक खाली आला. क्रेन डावीकडे न्यायला गेला तर उजवीकडे पळाली. त्याने थांबवून सुपरवायझरला सांगितलं. उत्तर मिळालं, "अरे मग उलटं दाब ना, अर्ध्या तासात लाइट येईल, गाडी उभी आहे बाहेर." त्याने उलटं दाबून दोन डाय व्यवस्थित हलवल्या. तिसऱ्या वेळी हे झालं. नंतर त्याच सुपरवायझरने सांगितलं की फेजबिजचं बोलू नको, ठेकेदाराचा पास रद्द होईल.

@शंकेखोर, त्याने क्रेन बंदही केली होती आणि सांगितलंही होतं.

---

शंकेखोर

शब्द मागे घेतो. बोटाबद्दलचा सुद्धा. ११ वर्षं ज्या हाताला वर म्हणजे वर माहीत आहे, त्याला घाईत उलटं चालवायला लावलं तर बोट उशिरा निघणारच.

---

मृणाल_टी

तात्या, दंडवत. मी पॅनलच्या आतच शोधत बसले, पॅनलला वीज कुठून येते ते विचारलंच नाही.

उपाय. फेज सिक्वेन्स रिले मेन कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये टाका. फेज उलटे असले तर क्रेन चालूच होणार नाही. किंमत क्रेनपुढे चहापाण्याची.

पण तेवढ्यावर थांबू नका. व्हीएफडी ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) असलेल्या क्रेनवर येणारे फेज उलटले तरी मोटर उलटी फिरत नाही, कारण ड्राइव्ह आधी सगळ्याचं डीसी करून टाकतो. तिथे गडबड होते ती मोटर बदलून ड्राइव्हच्या पुढच्या दोन वायरी उलट जोडल्या की. तेव्हा तुमचा रिले गप्प बसेल, कारण त्याच्यापर्यंत सगळं सरळच आहे. आणि चिकटलेल्या कॉन्टॅक्टरपुढेही रिले काही करू शकत नाही.

म्हणून दुसरा लिमिट हवाच. ग्रॅव्हिटीवाला: हूक ब्लॉकने लटकतं वजन उचललं की स्विच सुटतो. आणि तो "वर"च्या कॉइलमध्ये नको, मेन कॉन्टॅक्टरमध्ये हवा. म्हणजे मोटर कुठल्याही बटणाने, कुठल्याही दिशेने फिरत असो, पूर्ण क्रेनची वीज जाते. पहिल्या लिमिटच्या थोडा वर लावायचा.

---

जेबेलअलीकर

इथे दुबईत बंदरावर कंटेनर क्रेनना एन्कोडर (हूक कुठे आहे ते मोजणारं यंत्र), स्लोडाउन, स्टॉप आणि सगळ्यात वर अल्टिमेट लिमिट असतो. अल्टिमेट लागला की ऑपरेटरला काही करता येत नाही, मेंटेनन्सवाला किल्ली घेऊन येतो. तोवर जहाज उभं.

---

चाकणचा_रिगर

आणि आपल्याकडे ती किल्ली पॅनललाच सुतळीने बांधलेली असते. मृणालताई, दुसरा लिमिट मेनमध्ये टाकलात की लागल्यावर हूक खालीही घेता येत नाही. रात्रपाळीला दोनदा असं झालं की तिसऱ्या रात्री कोणीतरी त्याला कायमचा जंपर मारतो. मी पाहिलंय.

---

मृणाल_टी

बरोबर आहे. म्हणून रिसेटची किल्ली सोडून दिल्यावर परत येणारी घ्यायची, म्हणजे धरून ठेवली तरच चालते. आणि अल्टिमेट लागला याचा अर्थ पहिला मेला आहे. खाली घेऊन गप्प कामाला लागायचं नाही, आधी पहिला शोधायचा. महिन्यातून दोनदा लागत असेल तर दुसरा त्रास देत नाहीये, पहिला आजारी आहे.

---

टूलरूमवाला

सोमवारचा वृत्तांत.

सकाळी उरलेल्या रोपवर हलका हूक अडकवून अर्ध्या उंचीवर ठेवला, खाली दोरी बांधून जागा मोकळी केली, आयसोलेटर बंद करून दोन फेज मुद्दाम उलटे जोडले. एकजण वर प्लॅटफॉर्मवर. मी "खाली" दाबलं, हूक वर जायला लागला. वरच्याने लिमिटचा दांडा ओढला. हूक चालूच. मी बटण सोडलं. तीन वेळा केलं, मॅनेजरसाहेबांसमोर. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतः बटण दाबून बघितलं आणि काही न बोलता केबिनमध्ये गेले.

रिपोर्टमध्ये कारण "जनरेटर जोडणीत फेज क्रम उलटा" असं गेलंय. त्याखाली साहेबांनी "ऑपरेटरला समज देण्यात आली" ही ओळ घालायला लावली. मी ती घातली. मग त्याच्याखाली मी "सुपरवायझरलाही" एवढं जोडलं. अजून कोणी खोडलेलं नाही.

रिले मागवलाय. ग्रॅव्हिटी लिमिटचं कोटेशन आलंय, त्यावर "पुढच्या तिमाहीत बघू" असा शेरा. ऑपरेटर कामावर आहे.

---

हेल्मेट_आधी

वरचा माणूस बेल्ट लावून होता ना?

---

टूलरूमवाला

होता. तुम्ही विचारणार हे माहीत होतं.

---

वायरमन_तात्या

रिले येईपर्यंत जनरेटरच्या चेंजओव्हरवर (लाइट-जनरेटर बदलायच्या स्विचवर) मोठ्या अक्षरात पाटी लावा: "आधी कॉम्प्रेसर चालू करा. चालला तरच क्रेन." फुकटचा रिले आहे तुमच्याकडे. आणि भाड्याचा जनरेटर परत गेला, तुमचा अल्टरनेटर रिवाइंड होऊन आला, की त्याचेही फेज बघा. तोही उलटा येऊ शकतो.

---

गोदीतला

तो जुना हूक ब्लॉक परत लावणार आहात का?

---

टूलरूमवाला

नाही काका. हूक डीपी टेस्टला (रंगीत द्रव लावून भेगा शोधायच्या चाचणीला) पाठवला होता, गळ्याशी केसाएवढी रेघ निघाली. ब्लॉक नवीन येतोय. जुना हेल्पर घरी मागतोय, म्हणतो दारात ठेवतो.

---

धावतापळता

सगळं वाचलं नाही, पण बटणाची स्प्रिंग तपासली का? आमच्याकडे तीच अडकली होती.

---

चहाबिस्कीट

आरिया, दादा, आरिया.